खिडकीखालची चवळी

उमेळ्याला आम्ही फ्लॅट घेतला तो पश्चिमेच्या वाऱ्यासाठी, असं माझा नवरा सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे आमच्या आवाक्यातला तो एकच होता. पण वारा होता, हेही खोटं नाही. दुसरा मजला, आतली खोली, आणि खिडकी उघडली की खाली वाडी. चवळीचे वाफे, वांगी, मांडवावर चढलेली शिराळी, कडेला केळी आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं छोटं तळं. मी साताऱ्याकडची, दुष्काळी भागातली. बारा महिने हिरवं असलेलं शिवार मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. ती खोली आम्ही लेकीला दिली. नव्वदचं दशक सरत आलं होतं, लेक पाच वर्षांची होती आणि तिला बाळदमा होता.

पहिल्याच महिन्यात कळलं, की ज्या वाऱ्यासाठी आलो तोच आमचा वैरी आहे. वाडीचे मालक म्हणजे साठीकडे झुकलेले एक ख्रिस्ती शेतकरी. ते आठ-दहा दिवसांनी पाठीवर पंप अडकवून चवळीवर औषध मारत. शेतकरी कीटकनाशकाला औषधच म्हणतात. ते औषध वाऱ्यावर स्वार होऊन आमच्या खिडकीतून आत यायचं, लेक खोकायला लागायची आणि दुपारपर्यंत तिच्या छातीतून शीळ वाजायची. डॉक्टर म्हणाले, "फवारणी असेल तेव्हा खिडकी बंद ठेवत जा." पण फवारणी असणार कधी? ते काही आम्हाला विचारून मारत नव्हते. म्हणून मी खिडकी कायमचीच बंद करून टाकली. मग एप्रिल आला. एका दुपारी त्या बंद खोलीत घामाने थबथबलेलं पोर पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

माझा स्वभाव तापट. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे आईकडून मी लहानपणापासून ऐकत आलेय. मी तशीच पायात चपला सरकवून जिना उतरले, कुंपणाला वळसा घालून वाडीत शिरले आणि काका, ओळखदेख, नमस्कार असलं काही न करता सुरू केलं.

"तुम्हाला काही वाटतं का? वर माणसं राहतात!"

ते चवळी खुडत होते. हातातल्या शेंगा टोपलीत टाकून ते सावकाश उभे राहिले.

"बाय, बिल्डिंग माझ्या वाडीत आली. वाडी तुझ्या बिल्डिंगीत नाय आली."

  आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या धाकट्या भावाच्या हिश्शाची वाडी होती, हे मला नंतर कळलं. भावाने ती विकली तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं आणि काकांनी आमच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं.

राग ओसरल्यावर मी लेकीबद्दल सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. तेवढ्यात त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो तिने आधी माझ्यापुढे केला. शिव्या घालायला आलेल्या बाईला पाणी देणाऱ्या माणसांशी भांडायचं तरी कसं? मी पाणी प्यायले.

"मना काय औषध मारायची हौस नाय," काका म्हणाले. "मारून घरी गेलो की डोकं धरतं, जेवन जात नाय. पन नाय मारलं तर मावा चवळीचा रस पिऊन टाकतो. दुसरं काय असंल तर तू सांग. ते मारतो."

ते मला वाटेला लावण्यासाठीच तसं म्हणाले असतील. पण मी ते शब्द पदरात बांधून घरी आले.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी एका कापड गिरणीच्या प्रयोगशाळेत होते. लेकीच्या दम्यापायी नोकरी सोडली होती. विणताना सुताला खळ लावतात आणि कापड तयार झालं की ती काढावी लागते. ती काढायला आमच्याकडे एन्झाइम वापरत. पाठ्यपुस्तकात त्यांना विकरं म्हणतात. ॲसिड, कॉस्टिक यांच्यासारखी ती अंगावर धावून येत नाहीत. ज्याचं काम त्यालाच धरतात, ते तोडतात आणि बाकीच्याला हात लावत नाहीत. मला त्यांच्याबद्दल तेव्हाही आदर होता. त्या प्रयोगशाळेतल्या आमच्या जुन्या साहेबांना मी फोन केला. निवृत्तीनंतर ते गावी बागेत रमले होते. ते म्हणाले, फळांच्या साली, गूळ आणि पाणी एकत्र करून तीन महिने आंबव. अननस आणि पपई जास्त घे. त्यात जे तयार होतं ते माव्यासारख्या मऊ अंगाच्या किडीला पुरतं. मात्र भरपूर पाणी घालून, अगदी पातळ करून मार.

तीन महिने! पी हळद आणि हो गोरी, असा माझा स्वभाव. पण पर्याय नव्हता. मी बाल्कनीत तेलाचे रिकामे कॅन मांडले आणि बिल्डिंगीतल्या बायकांना साली मागायला सुरुवात केली. सुरुवातीला सगळ्यांना माझी दया आली, मग सवय झाली. कुणी मोसंबीच्या साली द्यायचं, कुणी पपईच्या. तळमजल्यावरच्या वहिनींनी तर सालींबरोबर उरलेलं लिंबाचं लोणचंही घालून दिलं. "तेही फळच ना?" मीठ आणि तेल असलेला तो सगळा कॅन मला ओतून द्यावा लागला आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून खोटंही बोलावं लागलं. रोज सकाळी झाकण सैल करून आतला वायू सोडायचा, की जिन्यापर्यंत आंबूस वास जायचा. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा नाक उडवत आले आणि म्हणाले, "मॅडम, दारू गाळताय की काय?" मी त्यांना म्हटलं, झाली की पहिला पेला तुम्हालाच. त्यानंतर ते आमच्या मजल्यावर फिरकले नाहीत.

दरम्यान माझं वाडीत जाणं-येणं वाढलं. हा प्रकार नेमका काय करणार हे मी काकांना दोनदा समजावलं. किड्याच्या अंगावरची मऊ साल, तिचे घटक, ते तुटणं वगैरे. ते मान हलवत राहिले. काकी शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "मटनाला कच्ची पपई लावून ठेवतो ना आपन? मऊ पडतं. तसंच ना?"

अगदी तसंच. माझी दोन व्याख्यानं एका वाक्यात संपली. काकांनी तेव्हापासून त्याला नाव ठेवलं, आंबट.

तीन महिने भरले. रस गाळला तेव्हा तो मधासारख्या रंगाचा निघाला. वास इतका सुरेख की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. दोन कॅन भरले. ते मी स्वतः उचलून वाडीत नेले आणि काकांना सांगितलं, पंपभर पाण्याला एक पेला. एकच. पुन्हा सांगितलं. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. काकींना हाक मारून त्यांनाही तो वास घ्यायला लावला. दोघं त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलली. ती बोली मला पुढेही कधी नीट समजली नाही. पण त्या दोघांना ते आवडलंय एवढं मला समजलं. मी उड्या मारत घरी आले आणि लेकीची खिडकी उघडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेकच म्हणाली, "आई, खालची झाडं भाजली."

मी खिडकीशी आले. आमच्या बाजूच्या चवळीच्या चार ओळी आणि त्यामागची वांगी तांबूस पडून खाली वाकली होती. पानांच्या कडा तव्यावर राहिलेल्या भाकरीसारख्या करपल्या होत्या.  हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मीच शहाणपणा करायला गेले होते, आणि तो त्यांच्या पिकावर.

मी खाली धावले. काका वाफ्यात उकिडवे बसले होते.

"पाणी किती घातलंत?"

 काकींनी उत्तर दिलं. "नाय घातलं."

त्यांच्या घरी नाताळसाठी वाइन करतात, हे मला माहीत होतं. द्राक्षांची, जांभळांची, कधी अननसाची. चिनी मातीच्या बरण्या फडक्याने बांधून काकी त्या महिनोन् महिने जपायच्या. पण त्या बरणीतल्या रसात पाणी घालणं हे त्यांच्याकडे किती मोठं पाप आहे, ते मला माहीत नव्हतं. काकांच्या तरुणपणी शेजारच्या आळीतल्या एका लग्नात वाइन पुरेनाशी झाली म्हणून कुणीतरी तिच्यात पाणी ओतलं होतं. त्या घराला पुढची कित्येक वर्षं लोक पाण्याचं घर म्हणून ओळखत. आंबवलेल्या वस्तूत पाणी घालतो तो चोर, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

"तू तीन महिने सांभाळलंस," काका अखेर म्हणाले. "लेकरासाठी केलंस. मना वाटलं, आमाला पुरावं म्हनून तू पानी सांगतेस. तुझ्या मेहनतीत मी पानी कसं घालू?"

मी तिथेच बांधावर बसले आणि रडले. राग कुणावर काढायचा हेच कळेना. आदराने जाळलेलं पीक मी आयुष्यात तेवढं एकच पाहिलं.

पुढचं मात्र त्याहून वाईट झालं. चार ओळी गेल्या होत्या आणि उरलेल्या वाफ्यांवर मावा चढत होता. काकांनी पंप धुतला आणि आठवड्याने जुनं औषध भरलं. उरलेलं पीक वाचवायचं म्हणून नेहमीपेक्षा जरा कडक. मला त्यांनी सांगितलं नाही. मला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटत होती, असं काकींनी नंतर सांगितलं. मी खिडकी उघडी ठेवून स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते.

त्या सकाळी लेकीला आला तसा झटका आधी कधी आला नव्हता. तिचे ओठ निळे पडले. रिक्षात तिला मांडीवर घेऊन मी तिच्या बरगड्या आत-बाहेर होताना बघत होते आणि देवाला शिव्या देत होते, त्याच श्वासात विनवतही होते. डॉक्टरांनी नळी लावली, वाफ दिली. दोन तासांनी तिच्या ओठांवर रंग परत आला. मी जन्मात इतकी घाबरले नव्हते.

संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा काका फाटकाबाहेर उभे होते. अंगात धुतलेला सदरा, हातात पिशवी. रिक्षा आत वळली तरी ते बाहेरच. मी लेकीला नवऱ्याकडे दिलं आणि त्यांच्याकडे गेले. बोलायचं बरंच होतं. सकाळपासून मनात जमवून ठेवलं होतं. पण त्यांनी आधी पिशवी माझ्यापुढे धरली, आत शिराळी होती.

"यांच्यावर काय मारलेलं नाय," ते म्हणाले. "पोरगीला बघू?"

"वर या," मी म्हणाले.

त्यांनी फाटकाच्या लोखंडी पट्टीकडे पाहिलं, जणू तिच्यावर काही लिहिलंय. मग पाय आत टाकला. जिना चढताना पहिल्या मजल्यावर ते थांबले आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "इथं फणस होता आमचा." आणि पुढे चढू लागले.

लेक झोपली होती. तिच्या श्वासाचा आवाज अजून खरखरीत होता. ते दारातच उभे राहून तो ऐकत होते. त्यांनी छातीवर क्रूस काढला. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली आणि ते तिच्याजवळ गेले. आपली वाडी त्यांनी वरून कधीच पाहिली नव्हती. बावखल, केळी, मांडव, आणि खिडकीच्या अगदी खाली, थुंकलं तर पडेल इतक्या जवळ, चवळीच्या करपलेल्या ओळी.

"एवढं जवळ?" ते म्हणाले. "खालून बिल्डिंग लांब दिसते गो."

तेवढंच. मग खुर्ची ओढून ते बसले आणि आम्ही दोघांनी ठरवलं ते असं. खिडकीखालच्या वाफ्यांवर फक्त आंबट मारायचं, पाणी घालून, आणि पाणी मी स्वतः मोजणार. लांबच्या वाफ्यांवर औषध मारावंच लागलं, तर ते आदल्या दिवशी येऊन सांगणार.

पुढच्या खेपेला मी बावखलावर जाऊन उभी राहिले. पंपात पाणी भरलं, त्यात एक पेला रस टाकला. काका दुसरीकडे बघत होते. डोळ्यांसमोर पाप होताना माणूस बघतो तरी कसा! "एवढं पातळ? याला मावा हसंल," ते पुटपुटले. मावा हसला नाही. तीन-चार दिवसांनी शेंड्यांवरचा काळा थर सुकून गळायला लागला आणि मागून कोवळी पानं निघाली. काकींनी पहिल्या तोडणीची चवळी माझ्या पदरात घातली.

हे सगळं जादूने झालं असं मात्र मी सांगणार नाही. आंबट माव्याला चालायचं, पांढऱ्या माशीला अर्धंमुर्धं. वांग्यातली अळी त्याला जुमानत नसे. ती फळाच्या आत मजेत बसलेली, तिला बाहेरच्या फवाऱ्याचं काय? तिच्यासाठी किडके शेंडे रोज हाताने खुडावे लागत. पावसाळ्यात तर कधी कधी महिन्यातून दोनदाही औषध लागायचं. पण आठ-दहा दिवसांवरून ते महिन्या-दीड महिन्यावर आलं, आणि आलं की आदल्या दिवशी दाराची बेल वाजायची.

त्या बेलची मला इतकी सवय झाली की काकांची बोटं मी आवाजावरून ओळखायची. ते आत येत नसत. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणत, "उद्या मारनार हाय. पोरगीची खिडकी बंद ठेव."

मी विचारायची, "किती वाजेपर्यंत?"

वारा, ऊन, कुठला वाफा असा सगळा हिशेब मनात करून ते सांगत. "दोन वाजेपर्यंत. मग उघड." आणि दोनला उघडलेल्या खिडकीने आम्हाला कधीही दगा दिला नाही. घड्याळापेक्षा मी त्यांना मानायचे.

वर्षं गेली. लेकीचा दमा वाढत्या वयाबरोबर मागे पडला. डॉक्टरांनी तिचा श्वासाचा पंप बंद केला. आता खिडकी बंद ठेवायची गरज नाही, असं मी काकांना दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात बेल वाजवली. मीही मग पुन्हा सांगितलं नाही. बिल्डिंगीतल्या बायका अजूनही साली आणून देत, आणि काका रसात पाणी घालताना अजूनही तोंड फिरवत.

मग एका थंडीत काकी गेल्या. मुलगे आखातात होते, ते महिनाभर राहून परत गेले. वाडीत उभं राहणारं दुसरं कुणी नव्हतं आणि काकांचे गुडघे बसले की उठत नव्हते. आजूबाजूच्या तीन वाड्या आधीच बिल्डरांच्या पत्र्याच्या कुंपणाआड गेल्या होत्या. आपल्या वाडीचं काय चाललंय ते काकांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या वर्षी खिडकीखाली चवळी पेरलीच नाही, हे मी वरून पाहत होते. तरी बाल्कनीत एक कॅन मी भरून ठेवला होता.

एका दुपारी बेल वाजली. तीच बोटं, पण एकेक मजला थांबत चढल्यामुळे धाप लागलेली. दार लेकीने उघडलं. ती कॉलेजात जायला लागली होती, काकांपेक्षा बोटभर उंच झाली होती. तिच्याकडे पाहून ते हसले आणि मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले,

"उद्या मशीन येतंय. वाडीत. धूळ उडंल फार. पोरगीची खिडकी बंद ठेव."

ती पोरगी त्यांच्यासमोर उभी होती, ठणठणीत. ज्यांची वाडी उद्या जाणार होती ते आजही तिच्या श्वासाची वर्दी द्यायला दोन मजले चढून आले होते.  इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून तेच निघून गेलं.

"किती वाजेपर्यंत, काका?"

त्यांनी नेहमीसारखा मनात हिशेब केला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. 

"ते आता मना नाय सांगता येत, बाय," ते म्हणाले.

लेकीने पायांत चपला सरकवल्या आणि त्यांचा हात धरून ती त्यांना जिना उतरवायला निघाली. पहिल्या मजल्यावर, फणसाच्या जागेशी, ती दोघं थांबल्याचं मला वरून ऐकू आलं.